बॅक दाबल्यावर ठरवू नका, आधीच ठरवून ठेवा

लिहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक छोटी टीम द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं अँड्रॉइड अ‍ॅप चालवते. कोड कोटलिन या भाषेत आहे. बरेच स्क्रीन कंपोज या नव्या पद्धतीने लिहिलेत, काही जुन्या पद्धतीचे फ्रॅगमेंट (स्क्रीनचे भाग) शिल्लक आहेत आणि वार्षिक वर्गणी भरायला एक वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारी चौकट) आहे. टार्गेट एसडीके (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीच्या नियमांनी चालेल तो आकडा) ३६ केल्यापासून नव्या फोनवर ‘ऑनबॅकप्रेस्ड’, म्हणजे बॅक दाबल्यावर चालणारं फंक्शन, चालेनासं झालंय. अर्धवट भरलेला फॉर्म काही न विचारता बंद होतो, ‘बाहेर पडण्यासाठी पुन्हा दाबा’ हा संदेश येत नाही, आणि पेमेंटच्या पानावरून मागे गेलं की वेबव्ह्यूच बंद होतो. दिंडोरी-निफाडकडून शेतकऱ्यांचे फोन येताहेत की भरलेली नोंद गेली. टीम विचारते: जुन्या फोनवर सगळं नीट चालतंय, मग चूक शोधायची कुठे?

एखाद्या ओळीत चूक शोधत बसू नका, कारण बदल सिस्टिमच्या बाजूने झालाय. अ‍ॅपचं टार्गेट ३६ असेल आणि फोनवर अँड्रॉइड १६ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर सिस्टिम ‘ऑनबॅकप्रेस्ड’ला हाक मारत नाही आणि ‘कीकोड बॅक’ हा बॅक बटणाचा संकेतही अ‍ॅपपर्यंत पाठवत नाही. दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात, म्हणूनच जुन्या फोनवर तुम्हाला काही दिसत नाही. ‘ऑनबॅकप्रेस्ड’ २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ बरोबरच कालबाह्य जाहीर झालं होतं. तेव्हापासून एडिटरमध्ये त्यावर आडवी रेघ दिसते, पण काम चालू होतं म्हणून बहुतेकांनी तिकडे पाहिलं नाही.

शेतकऱ्यांचे फोन येत असतील तर आधी रक्तस्राव थांबवा. मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) अ‍ॅप्लिकेशन टॅगवर ‘एनेबल ऑन बॅक इन्व्होक्ड कॉलबॅक’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करून लगेच एक आवृत्ती सोडा. जुनं वागणं परत येईल. ही सवलत तात्पुरती आहे असं गूगलने स्पष्ट म्हटलंय, त्यामुळे तिच्यावर पुढचं वर्ष काढायचा विचार करू नका. त्या आवृत्तीमुळे मिळालेल्या वेळात खालचं काम शांतपणे करा.

आता मूळ मुद्दा. जुन्या पद्धतीत वापरकर्त्याने बॅक दाबलं की सिस्टिम अ‍ॅपला कळवायची आणि काय करायचं ते अ‍ॅप त्या क्षणी ठरवायचं. फॉर्म बदललाय का बघा, वेबव्ह्यूला मागे जाता येतं का बघा, नाहीतर ‘सुपर’ला, म्हणजे सिस्टिमच्या मूळ वागण्याला, हाक मारा. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने कडेवरून बोट सरकवून मागे जायची सोय दिली आणि या पद्धतीची अडचण उघडी पडली. बोट अजून काचेवर असतानाच पुढे काय होणार ते माणसाला दिसावं, म्हणजे मागचा स्क्रीन डोकावावा, आणि नको असेल तर बोट मागे घेता यावं, अशी अँड्रॉइडची पुढची कल्पना होती. त्यासाठी बोट उचलण्याच्या आधीच सिस्टिमला एका प्रश्नाचं उत्तर हवं: हा बॅक अ‍ॅप स्वतः हाताळणार आहे की मी हाताळू?

म्हणून आता तुम्ही कॉलबॅक (बॅक आल्यावर सिस्टिमने चालवायचा कोड) आधीच नोंदवता आणि तो चालू आहे की बंद ते सतत खरं ठेवता. ‘ऑनबॅकप्रेस्डकॉलबॅक’मधला ‘इझएनेबल्ड’ हा या सगळ्या विषयाचा कणा आहे. कॉलबॅक चालू असेल तर सिस्टिम समजते की बॅक अ‍ॅपचा आहे. बंद असेल तर ती स्वतः मागचा स्क्रीन किंवा होम दाखवायला मोकळी असते. तुमचा सगळा जुना कोड ‘बॅक आल्यावर बघू’ या धाटणीचा आहे. त्याचं भाषांतर ‘या स्थितीत बॅक माझा, त्या स्थितीत सिस्टिमचा’ असं करायचंय. हे पक्कं बसलं की बाकीचं आपोआप सुचत जातं.

जुना कोड हलवताना बरेच जण एक सोपी युक्ती करतात: कायम चालू असलेला एकच कॉलबॅक लावायचा, त्यात जुन्या सगळ्या ‘इफ’ जशाच्या तशा टाकायच्या आणि शेवटी कॉलबॅक बंद करून डिस्पॅचरला (बॅक योग्य कॉलबॅककडे पोचवणाऱ्या घटकाला) पुन्हा हाक मारायची. चालतं ते. पण सिस्टिमला प्रत्येक वेळी बॅक अ‍ॅपचाच वाटतो, त्यामुळे मागचा स्क्रीन कधीच डोकावत नाही. आणि बंद करायची ओळ विसरलात तर कॉलबॅक स्वतःलाच हाक मारत राहतो आणि अ‍ॅप स्टॅक ओव्हरफ्लोने कोसळतं. ही युक्ती मी माझ्या टीममध्ये कोड रिव्ह्यूला परत पाठवतो.

तुमच्या फॉर्मकडे येऊ, कारण शेतकऱ्याचं नुकसान तिथे होतंय. निर्यातीच्या बागेत ही नोंद नुसती सोय नसते. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंदलेल्या बागेच्या मालात औषधांचे अंश तपासले जातात. कोणतं औषध कधी, किती मारलं आणि काढणीआधी पीएचआय (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं किमान दिवसांचं अंतर) पाळला का, हे त्या बागायतदाराला दाखवता यावं लागतं. तो ही नोंद बांधावर उभा राहून, ओल्या हाताने, एका अंगठ्याने भरतो. त्या अंगठ्याने फोन सावरताना डाव्या-उजव्या कडेला धक्का लागणारच. म्हणजे या फॉर्मवर चुकून झालेला बॅक ही नेहमीची गोष्ट धरूनच रचना करायला हवी.

तुमचा फॉर्म तीन पायऱ्यांचा दिसतो: प्लॉट आणि तारीख, मग औषध आणि डोस, मग पाण्याचं प्रमाण आणि शेरा. आत्ता एकाच स्क्रीनमध्ये ‘स्टेप’ नावाचा आकडा ठेवून तुम्ही पायऱ्या दाखवताय. तो तसाच ठेवायचा असेल तर कंपोजमध्ये ‘बॅकहँडलर’ला ‘एनेबल्ड’ म्हणून ‘स्टेप शून्याहून मोठी’ ही अट द्या आणि आत स्टेप एकने कमी करा. पहिल्या पायरीवर हँडलर बंद असेल आणि बॅक सिस्टिमकडे जाईल. एवढ्यानेही तुमची अर्धी तक्रार मिटेल.

मी मात्र तिन्ही पायऱ्या नॅव्हिगेशनमधली वेगवेगळी ठिकाणं करीन आणि तिघांना एक नेस्टेड ग्राफ (ठिकाणांचा एक गट) देऊन त्या ग्राफला बांधलेला एकच व्ह्यूमॉडेल (स्क्रीनची माहिती सांभाळणारा घटक) वापरीन. मग तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर जाणं हे बॅक स्टॅकचं (उघडलेल्या स्क्रीनच्या चळतीचं) रोजचं काम होतं आणि तुम्हाला एकही हँडलर लिहावा लागत नाही. मागची पायरी डोकावते तीही फुकटात. बॅकसाठी लिहिलेला सर्वांत भरवशाचा कोड म्हणजे जो लिहावाच लागला नाही तो.

राहिला प्रश्न ‘नोंद जतन न करता बाहेर पडायचं का?’ या डायलॉगचा. तो काढून टाका, असं माझं ठाम मत आहे. बांधावरच्या माणसाला चुकून बॅक लागतो, समोर दोन बटणं येतात, उन्हात नीट दिसत नाहीत, तो ‘हो’ दाबतो आणि नोंद जाते. डायलॉगने त्याचं रक्षण केलं नाही, जबाबदारी फक्त त्याच्यावर ढकलली. त्याऐवजी प्रत्येक रकाना बदलला की काही क्षण थांबून तो मसुदा रूममध्ये (फोनवरच्या डेटाबेसमध्ये) लिहा आणि नोंदीवर ‘अपूर्ण’ अशी स्थिती ठेवा. मग बॅक झाला तरी काही गेलेलं नसतं. यादीत वरच ‘अपूर्ण नोंद, पुढे भरा’ असं दिसू द्या. या मार्गाने आणखी एक जुनं दुखणं जातं: फोनवर कॉल आला आणि कमी रॅममुळे सिस्टिमने अ‍ॅपची प्रोसेस मारली, तरीही मसुदा टिकतो. बॅकचा डायलॉग त्या प्रसंगी काहीच करू शकत नव्हता.

डायलॉग एकाच ठिकाणी ठेवा. आधी पाठवून झालेली नोंद कोणी दुरुस्त करत असेल, तर अर्धवट दुरुस्ती मूळ नोंदीवर आपोआप चढणं धोक्याचं आहे. तिथे विचारायलाच हवं. अशा वेळी व्ह्यूमॉडेलमध्ये ‘मूळ आणि आत्ताचं वेगळं आहे का’ हा एक बूलियन फ्लो (सतत ताजं राहणारं हो-नाही उत्तर) ठेवा आणि त्यावरच कॉलबॅक चालू-बंद करा. माणसाने काही बदललंच नसेल तर कॉलबॅक बंद, बॅक सरळ मागे. बदल करून पुन्हा पहिल्यासारखं केलं तरी बंद. इथे ‘एकदा टाइप केलं की कायम ट्रू’ असा आळशी फ्लॅग ठेवू नका.

जुन्या फ्रॅगमेंटमध्ये कॉलबॅक नोंदवताना लाइफसायकल ओनर (कॉलबॅक कधीपर्यंत जिवंत राहील ते ठरवणारा घटक) द्यायला विसरू नका, आणि ‘ऑनव्ह्यूक्रिएटेड’मध्ये नोंदवत असाल तर ‘व्ह्यूलाइफसायकलओनर’च द्या. नाहीतर व्ह्यू नष्ट होऊन पुन्हा तयार झाला की जुना कॉलबॅकही जिवंत राहतो आणि एका बॅकला भलत्याच स्क्रीनचा कोड चालतो. क्रमही ध्यानात ठेवा: शेवटी जोडलेला आणि चालू असलेला कॉलबॅक आधी चालतो, आणि तो एकच चालतो. लाइफसायकलशी बांधलेले कॉलबॅक स्क्रीन थांबला की निघतात आणि सुरू झाला की पुन्हा जोडले जातात, त्यामुळे कोडमधल्या ओळींच्या क्रमावर हिशेब मांडू नका. दोन कॉलबॅक एकाच वेळी चालू असण्याची वेळ येत असेल तर बहुधा त्यांच्या अटी नीट मांडलेल्या नाहीत.

औषध निवडायची तुमची बॉटम शीट (खालून वर येणारा पडदा) हा वेगळाच खड्डा आहे. ती डायलॉगच्या खिडकीत उघडते, आणि त्या खिडकीला स्वतःचा डिस्पॅचर असतो. अ‍ॅक्टिव्हिटीच्या (अ‍ॅपच्या मुख्य खिडकीच्या) डिस्पॅचरवर लावलेला कॉलबॅक शीट उघडी असताना चालत नाही. शोध-पेटी रिकामी करून मगच शीट बंद करायची असेल, तर कॉलबॅक ‘कंपोनंटडायलॉग’च्या डिस्पॅचरवर लावा. यात भले भले गोंधळतात, कारण लॉगमध्ये कॉलबॅक नोंदवलेला दिसतो आणि तरी हाक येत नाही.

आता वेबव्ह्यू. जुना सगळ्यांचा पाठ असलेला कोड म्हणजे ‘कॅनगोबॅक’ असेल तर ‘गोबॅक’, नाहीतर ‘सुपर’. त्याची नवी मांडणी अशी: कॉलबॅक सुरुवातीला बंद ठेवा. वेबव्ह्यूक्लायंटच्या ‘डूअपडेटव्हिजिटेडहिस्टरी’मध्ये प्रत्येक वेळी ‘कॅनगोबॅक’चं उत्तर थेट ‘इझएनेबल्ड’मध्ये भरा. कॉलबॅकच्या आत फक्त ‘गोबॅक’. मदतीची पानं, औषधांची माहिती, यांना एवढं पुरतं.

पेमेंटला हे पुरत नाही, उलट घातक ठरतं. पेमेंट गेटवेची पानं एकमेकांवर पुढे ढकलत जातात. ‘गोबॅक’ केलं की माणूस अशा पानावर पोचतो जे त्याला लगेच पुन्हा पुढे ढकलतं, किंवा बँकेच्या संपलेल्या सत्रावर. तो पुन्हा पैसे भरतो, आणि मग वर्गणी दोनदा गेल्याची तक्रार तुमच्याकडे येते. पेमेंट सुरू झाल्यापासून निकाल येईपर्यंत कॉलबॅक सरसकट चालू ठेवा आणि ‘गोबॅक’ अजिबात करू नका. बॅक झाल्यावर ‘पेमेंट थांबवायचं का?’ असं विचारा. उत्तर हो आलं तरी स्थानिक पातळीवर ‘रद्द’ असं लिहून मोकळं होऊ नका. आधी तुमच्या सर्व्हरला गेटवेकडून त्या ऑर्डरची स्थिती विचारू द्या. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन माणूस बॅकने परत आला तर तुम्हाला ‘कॅन्सल्ड’ किंवा रिकामा निकाल मिळू शकतो, आणि पैसे तरीही कापलेले असू शकतात. अशा ऑर्डरला ‘तपासणी चालू’ असंच दाखवा. निकाल यशस्वी आला की पावतीच्या स्क्रीनवर जाताना ‘पॉपअपटू’ वापरून पेमेंटचा स्क्रीन स्टॅकमधून काढा, म्हणजे पावतीवरून बॅक केल्यावर माणूस पुन्हा पैसे भरायच्या पानावर येणार नाही.

गेटवेची तयार एसडीके (तयार कोडचा संच) वापरत असाल आणि तिच्या आतल्या अ‍ॅक्टिव्हिटीत अजून ‘ऑनबॅकप्रेस्ड’ असेल, तर आधी तिची नवी आवृत्ती आहे का बघा. नसेल तर अँड्रॉइड १४ पासून तोच मॅनिफेस्ट गुणधर्म एकेका अ‍ॅक्टिव्हिटीवर लावता येतो. फक्त त्या अ‍ॅक्टिव्हिटीपुरता ‘फॉल्स’ ठेवा, बाकी अ‍ॅप पुढे न्या.

‘बाहेर पडण्यासाठी पुन्हा दाबा’ परत आणू नका. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून पहिल्या स्क्रीनवर बॅक केला तर लाँचरने उघडलेली अ‍ॅक्टिव्हिटी संपत नाही, ती मागे ढकलली जाते आणि पुन्हा उघडल्यावर लगेच हजर होते. चुकून बाहेर पडण्याचा तोटाच उरलेला नाही. उलट त्या संदेशासाठी पहिल्या स्क्रीनवर कॉलबॅक चालू ठेवावा लागतो आणि होम डोकावणं बंद पडतं. सत्र मिटवणं, सिंक थांबवणं असला काही कोड ‘ऑनडिस्ट्रॉय’मध्ये असेल तर तोही तिथून हलवा, कारण बॅकनंतर तो चालेलच असं नाही.

वापरकर्ते कुठून मागे फिरतात हे मोजायला तुम्ही बॅकमध्ये अ‍ॅनालिटिक्स लावलंय, तेही याच कारणाने त्रास देईल. मोजण्यासाठी अडवणूक नको. अँड्रॉइड १६ मध्ये ‘सिस्टिम नॅव्हिगेशन ऑब्झर्व्हर’ या प्राधान्याचा कॉलबॅक आलाय. तो बॅक अडवत नाही, फक्त पाहतो. जुन्या आवृत्त्यांवर स्क्रीन बदलल्याची नोंद घेतलीत तरी पुरे.

पावसाच्या इशाऱ्याच्या नोटिफिकेशनवरून उघडलेला स्क्रीन बॅकला थेट होमवर जातो, ही तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ मला महत्त्वाची वाटली. तिथे मागचा स्टॅकच नसतो. ‘टास्कस्टॅकबिल्डर’ किंवा नॅव्हिगेशन लायब्ररीचा ‘नॅवडीपलिंकबिल्डर’ वापरून त्याच्या मागे मुख्य यादी रचून द्या. वरच्या पट्टीतला बाण मात्र अ‍ॅपच्या बाहेर कधीच जाऊ नये. बॅक बाहेर जाऊ शकतो, बाण नाही.

तुमच्या शेजारची टीम फ्लटर या दुसऱ्या अ‍ॅप-साधनात काम करते असं लिहिलंय. त्यांनाही हेच सांगा. ‘विलपॉपस्कोप’ कालबाह्य होऊन ‘पॉपस्कोप’ आला तो याच विचाराने: आधी ‘कॅनपॉप’ सांगा, मग ‘ऑनपॉपइन्व्होक्डविथरिझल्ट’मध्ये पॉप झाला की अडला ते पाहून पुढचं करा. जुन्या विजेटमध्ये फ्यूचरची वाट बघून हो-नाही सांगायची सोय होती, ती गेली. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ‘बॅकहँडलर’ अजून ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ परत करण्यावर चालतो आणि आयओएसवर काहीच करत नाही.

आयओएसची आवृत्ती काढाल तेव्हा एवढं सांभाळा की नॅव्हिगेशन बारमध्ये स्वतःचं बॅक बटण बसवलं की आयओएस ७ पासून असलेली कडेवरून मागे सरकवायची सोय बंद पडते, आणि आयफोनवाल्यांच्या हाताला तीच सवय असते. खाली ओढून बंद होणाऱ्या शीटसाठी आयओएस १३ पासून ‘इझमोडलइनप्रेझेंटेशन’ आहे. तेही आधीच ठेवायचं बूलियन आहे.

कडेला लागून ठेवलेला डोसचा स्लायडर आत घ्या. सिस्टिमच्या जेश्चर इनसेट्सएवढी (कडेवरून सरकवण्यासाठी राखलेल्या पट्टीएवढी) जागा दोन्ही बाजूंना मोकळी सोडा. कडेचा भाग जेश्चरमधून वगळायची सोय आहे, पण प्रत्येक कडेला उभ्या २०० डीपी (स्क्रीनवरच्या लांबीचं एकक) एवढ्यापुरतीच, आणि ती इथे वापरणं मला पटत नाही.

कामाला लागताना आधी सगळ्या कोडमध्ये ‘ऑनबॅकप्रेस्ड’, ‘कीकोड बॅक’ आणि ‘ऑनकीडाउन’ शोधा आणि प्रत्येक जागेपुढे एक वाक्य लिहा: बॅक कुठल्या स्थितीत आपला. वाक्य लिहिता येत नसेल तर ती जागा बहुधा काढूनच टाकायची आहे. अँड्रॉइडएक्सची अ‍ॅक्टिव्हिटी लायब्ररी १.८ किंवा पुढची हवी, कारण बोट किती सरकलं ते सांगणाऱ्या सोयी त्यात आल्या. स्वतःचं अ‍ॅनिमेशन करायचं असेल तर कंपोजचा ‘प्रेडिक्टिव्हबॅकहँडलर’ आहे. त्यात बोट मागे घेतलं की ‘कॅन्सलेशनएक्सेप्शन’ येतं, तेव्हा स्क्रीन मूळ जागी आणा आणि ते एक्सेप्शन गिळू नका, पुन्हा फेका. तुमच्या अ‍ॅपला हे आत्ता लागणार नाही.

तपासताना एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने) कीइव्हेंट ४, म्हणजे बॅकचा संकेत, पाठवून समाधान मानू नका, अर्धवट सरकवून बोट मागे घेतल्याचा प्रसंग त्यात येतच नाही. जेश्चर आणि तीन बटणं, दोन्ही प्रकार हाताने करून बघा. अँड्रॉइड १६ वर तीन बटणांतलं बॅक दाबून धरलं तरी मागचा स्क्रीन डोकावतो. डेव्हलपर पर्यायांतलं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू करून फॉर्म भरा, मध्येच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जा, परत या, मग बॅक करा. कीबोर्ड उघडा असताना पहिला बॅक कीबोर्डच मिटवतो ना, तेही बघा. आणि एक फोन घेऊन पिंपळगाव किंवा ओझरच्या एखाद्या बागेत जा, ज्यांचे फोन येताहेत त्यांच्यापैकी कोणालाही फॉर्म भरायला द्या आणि मध्ये बोलू नका.

क्रम असा ठेवा: आधी मसुदा जतन करणं, मग पेमेंट, मग बाकीचे स्क्रीन, आणि सगळ्यात शेवटी मॅनिफेस्टमधला ‘फॉल्स’ काढणं. हे ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकायला हवं. छाटणीनंतर डाऊनी-भुरी या बुरशीजन्य रोगांच्या फवारण्या दाट होतात आणि तुमच्या अ‍ॅपवर नोंदींची खरी गर्दी तेव्हाच असते. प्ले स्टोअरवर टप्प्याटप्प्याने सोडा. पहिल्या टप्प्यात ‘अपूर्ण’ राहिलेल्या आणि नंतर पूर्ण झालेल्या नोंदींचे आकडे रोज बघा. अपूर्ण नोंदी साचत असतील तर यादीतली ती ‘पुढे भरा’ची ओळ लोकांना दिसत नाहीये, ती आणखी ठळक करून मगच पुढचा टप्पा उघडा.